चंदीगड दोन दिवसांत: सेक्टर कसा वाचायचा, आणि कॅपिटॉल आधी की बाजार आधी?

शहरखुणा (प्रश्न)

फेब्रुवारीत चंदीगडला दोन पूर्ण दिवस हाताशी आहेत. तिघंजण आहोत, आर्किटेक्ट कुणीच नाही, पण शहररचनेबद्दल थोडंफार वाचलेलं आहे. सुखना तलाव, रॉक गार्डन, रोज गार्डन ही यादी कुठेही मिळते, ती नको. ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकाराने आखलेलं शहर जमिनीवर नक्की कसं चालतं ते बघायचं आहे. नकाशावर सगळे सेक्टर सारखेच चौकोन दिसतात, त्यामुळे कुठून सुरुवात करावी कळत नाही.

नेमकं विचारायचं तर: एकच सेक्टर नीट चालून बघायचा झाला तर कोणता, आणि कुठून कुठे? कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये (विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाचा परिसर) प्रवेश कसा मिळतो? संग्रहालयं तीन-चार दिसतात, त्यातली कोणती वगळली तर चालेल? आणि हे सगळं पायी होतं का?

आराखडा

सेक्टर २२. शहरात सगळ्यात आधी उभा राहिलेला सेक्टर हाच. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या इंग्रज वास्तुरचनाकार जोडीचं बरंचसं काम इथे आहे आणि सेक्टर म्हणजे काय हे इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. कॅपिटॉलपासून सुरुवात केलीत तर तीन भव्य इमारतींचे फोटो मिळतील, शहर मात्र निसटेल.

निघण्यापूर्वी मापं डोक्यात ठेवा. सेक्टर म्हणजे ८०० मीटर बाय १२०० मीटरचा आयत, साधारण २४० एकर. लांब बाजू डोंगराच्या दिशेने, म्हणजे ईशान्य-नैऋत्य. भोवती वेगवान वाहतुकीचे रस्ते, त्यांना व्ही-३ म्हणतात. या रस्त्यांवर एकाही घराचं दार उघडायचं नाही असा नियम. गाडीला आत शिरायला चारच जागा, साधारण प्रत्येक बाजूच्या मध्यावर. म्हणून व्ही-३ च्या कडेने चालत राहिलात तर नुसत्या भिंती आणि झाडं दिसतात. बहुतेक लोक नेमकं हेच करतात आणि 'शहर कंटाळवाणं आहे' असं ठरवून परततात. घरांची पाठ बघून घराबद्दल मत बनवण्यातला प्रकार.

आत शिरलात की दोन गोष्टी एकमेकींना छेदताना दिसतील. एक व्ही-४, म्हणजे बाजाररस्ता. तो सेक्टरच्या रुंदीतून, वायव्य-आग्नेय, मुद्दाम थोडा वळणं घेत जातो आणि शेजारच्या सेक्टरच्या बाजाररस्त्याला जाऊन मिळतो. दुसरी हिरवी पट्टी. ती लांबीतून डोंगराकडे जाते. शाळा आणि खेळाची मैदानं तिच्यात, तिच्यातून जाणारी पायवाट म्हणजे व्ही-७. घरापर्यंत नेणारे गल्लीरस्ते ते व्ही-६, आणि ते ज्याला मिळतात तो सेक्टरमधला वळसारस्ता व्ही-५. व्ही-१ शहराबाहेरून येणारे, व्ही-२ जनमार्ग, मध्यमार्ग यांसारखे मोठे. सायकलींसाठी व्ही-८ नंतर जोडला.

बाजाररस्त्यावर थांबून एक गोष्ट पाहा: मूळ आखणीत दुकानं एकाच बाजूला आहेत, नैऋत्येच्या. त्यांची तोंडं ईशान्येला, त्यामुळे दुपारचं ऊन पाठीवर आणि गिऱ्हाईक सावलीत. समोरची बाजू घरांची. हे हवामानाचं गणित आहे आणि दुपारी दोन-तीन वाजता ते सर्वांत नीट कळतं.

चालण्याचा मार्ग असा. आयएसबीटी १७ म्हणजे जुनं बसस्थानक, त्याच्या समोरचा रस्ता ओलांडला की सेक्टर २२. तिथून हिरव्या पट्टीत शिरा आणि नैऋत्येकडे चालत जा. साधारण मध्यावर बाजाररस्ता आडवा येतो. त्यावर डावीकडे सेक्टरच्या टोकापर्यंत, परत उलट दिशेने दुसऱ्या टोकापर्यंत. फ्रायचं किरण सिनेमागृह याच सेक्टरात आहे. मग व्ही-५ वरून आत वळून दोन मजली विटांच्या घरांच्या रांगा बघा. सावकाश बघितलं तर तीन तास. नंतर परत रस्ता ओलांडून सेक्टर १७, म्हणजे शहराचं मध्यवर्ती बाजारकेंद्र.

पत्ते समजून घेतले की रिक्षावाल्यावर अवलंबून राहावं लागत नाही. रस्त्यांची जाळी उत्तर दिशेशी जवळपास ४५ अंश तिरकी आहे, म्हणून सेक्टरचे चार भाग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे पडतात: ए, बी, सी, डी याच क्रमाने. बाजाररस्ता ओलांडला की ए मधून डी मध्ये किंवा बी मधून सी मध्ये जाता. दुकानं नैऋत्य बाजूला असल्याने बाजाराचे पत्ते बहुधा सी किंवा डी मधले. 'एससीओ' म्हणजे खाली दुकान वर कचेरी, 'एससीएफ' म्हणजे खाली दुकान वर घर. सेक्टरांच्या आकड्यांतही एक खूण आहे: डोंगराकडून खाली येताना ४, ९, १७, २२ असे सेक्टर लागतात. शेजारच्या दोघांची बेरीज करा: १३, २६, ३९. आणि मूळ आराखड्यात १३ क्रमांकाचा सेक्टरच नव्हता.

काँक्रीटची_सावली

वरच्या उत्तरातला सेक्टर २२ मान्य, क्रम अजिबात मान्य नाही. दोनच दिवस असतील तर कॅपिटॉल पहिल्या दिवशी सकाळीच घ्या. कारण सौंदर्याचं नाही, सुरक्षेचं आहे. ही चालू कचेऱ्यांची जागा आहे, पंजाब आणि हरियाणा अशा दोन राज्यांची. १९९५ साली पंजाबच्या मुख्यमंत्र्यांची हत्या सचिवालयाच्या दारात झाली, तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे. विधानसभेचं अधिवेशन असेल किंवा कुणी मोठा पाहुणा आला असेल तर फेरी अर्धवट होते किंवा होतच नाही. पहिल्या दिवशी हुकली तर दुसरा दिवस हाताशी राहतो. उलट क्रम लावलात तर तसेच परत याल.

प्रवेश फक्त चंदीगड पर्यटन विभागाच्या मार्गदर्शित फेरीतून. दिवसातून ठरावीक वेळीच निघते, सेक्टर १ मधल्या पर्यटन माहिती केंद्रातून. वेळा बदलतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि अर्धा तास आधी पोहोचा. प्रत्येकाकडे फोटो असलेलं मूळ ओळखपत्र हवं. मोठी सॅक नको. ड्रोनचा विचारही नको. फेरीला दीड तासाच्या आसपास लागतो आणि बराचसा वेळ उघड्या काँक्रीटच्या पटांगणावर जातो, जिथे झाड नावालाही नाही. फेब्रुवारीत ठीक आहे, मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हीच फेरी शिक्षा वाटते.

प्रकाशाचं गणित: विधानसभा आणि उच्च न्यायालय पटांगणाच्या दोन टोकांना समोरासमोर आहेत. विधानसभेची कमानदार ओसरी आग्नेयेला तोंड करून, तिच्यावर सकाळचं ऊन. न्यायालयाचा दर्शनी भाग वायव्येला, तो दुपारनंतर उजळतो. फोटोसाठी एकच फेरी निवडायची तर सकाळची विधानसभेची, कारण ओसरीतला मीनाकारीचा प्रचंड दरवाजा याच बाजूला आहे. समोरच्या कुंडात पाणी असेल तर प्रतिबिंब मिळतं. नसेल तर नाही, त्याची आशा धरू नका.

काय बघायचं ते थोडक्यात. न्यायालय (१९५५): दुहेरी छप्पर, मधून वारा वाहतो, वरचं छप्पर पसरट छत्रीसारखं. प्रवेशाशी तीन उंच रंगीत खांब-भिंती. त्यांच्या एका बाजूला मुख्य न्यायाधीशांचं दालन, दुसऱ्या बाजूला इतर आठ. आतला आवाज घुमतो म्हणून प्रत्येक दालनात भिंतभर विणलेली चित्रं टांगली, तीही कॉर्बुझिएच्याच आराखड्यावरून. सचिवालय: २५४ मीटर लांब, ४२ मीटर उंच, सहा तुकड्यांचं. तुकड्यांमधल्या प्रसरणाच्या फटी खालून डोळ्यांनी ओळखू येतात, शोधा. बाहेरच्या बाजूला आलेले उताराचे रॅम्पही बघा, कर्मचाऱ्यांना पायी वर जाता यावं म्हणून ते केले. विधानसभा: मधोमध वीजकेंद्रातल्या शीतमनोऱ्याच्या आकाराचं सभागृह, त्यात पंजाबची विधानसभा बसते. हरियाणाची बसते ती पिरॅमिडसारख्या छताच्या लहान सभागृहात. १९६६ मध्ये राज्याचं विभाजन झालं, इमारत एकच राहिली.

आणि जे तिथे नाही तेही लक्षात घ्या. पटांगणाच्या डोंगराकडच्या बाजूला राज्यपालांचा महाल यायचा होता, तो बांधलाच नाही. त्यामुळे रचनेचा शेंडा मोकळा आहे. उघडा हात हे शिल्प कॉर्बुझिए गेल्यावर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभं राहिलं: एकूण २६ मीटर उंच आणि वाऱ्याबरोबर फिरणारं.

शहरखुणा

दोघांचेही आभार. मग पहिल्या दिवशी सकाळी कॅपिटॉल, दुपारनंतर १७ आणि २२, असं जमेल का? आणि काँक्रीटच्या छज्ज्यांबद्दल 'उलट जास्त गरम होतं' असं वाचलं होतं, ते कितपत खरं?

काँक्रीटची_सावली

जमेल. उलट दुपारी बाजाररस्त्याची सावली बघायला मिळेल, जी वर सांगितली आहे. कॅपिटॉल ते सेक्टर १७ जनमार्गाने साधारण तीन किलोमीटर. हा टप्पा चालू नका, रिक्षा करा. रस्ता सरळ, रुंद, आणि चालणाऱ्याला देण्यासारखं त्यात काही नाही. शरीर आधीच पटांगणात थकलेलं असतं.

छज्ज्यांबद्दल: खरं आहे, पण अर्धं. उभ्या-आडव्या काँक्रीटच्या पट्ट्यांची ही जाळी उंच सूर्य चांगला अडवते. अडचण दोन ठिकाणी येते. वायव्येला तोंड असलेल्या भिंतीवर उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य तिरपा, जवळजवळ आडवा येतो आणि पट्ट्यांमधून थेट आत शिरतो. दुसरं, काँक्रीट जाड असल्याने दिवसभर उष्णता पितं आणि सूर्य मावळल्यावर ती सोडत बसतं. शिवाय पट्ट्या मुख्य सांगाड्याला जोडलेल्या, त्यामुळे ती उष्णता आतल्या स्लॅबपर्यंत पोचते. पटांगणातला सावल्यांचा मनोरा मुद्दाम बघा: सूर्य कुठून येतो आणि कुठल्या बाजूला किती खोल पट्टी हवी याचा तो एकास एक प्रमाणातला प्रयोगच आहे. उत्तरेची बाजू उघडी सोडली आहे, कारण तिकडून ऊन जवळजवळ येतच नाही.

वीट_आणि_जाळी

सगळे काँक्रीटवर बोलताय म्हणून हे. चंदीगड हे मुळात विटांचं शहर आहे. १९५० च्या दशकात सिमेंट आणि पोलाद दोन्ही तुटवड्याचे आणि महाग, वीट मात्र जवळच्या भट्ट्यांतून स्वस्तात मिळायची. काँक्रीट मानाच्या इमारतींसाठी राखून ठेवलं. राहायची घरं विटांत.

सरकारी घरांचे १३ प्रकार होते, मंत्र्यापासून शिपायापर्यंत, पगाराच्या पायरीप्रमाणे. शहराचा नकाशा या पायऱ्यांनीच रंगवलेला आहे: डोंगराजवळचे २ ते ११ हे सेक्टर मोठ्या भूखंडांचे आणि विरळ, खाली दक्षिणेकडे जाल तसे दाट. इथे जमीन कनाल आणि मर्ल्यात मोजतात. कनाल म्हणजे ५०० चौरस यार्ड, मर्ला त्याचा विसावा भाग. सेक्टर ५ मधली एक गल्ली आणि सेक्टर २२ मधली एक गल्ली लागोपाठ बघा, फरक कुणी सांगायची गरज पडत नाही.

घरांत काय बघायचं: विटांच्या जाळ्या (हवा येते, नजर येत नाही), खोल ओटे, खिडकीभोवती बाहेर आलेली चौकट, गच्चीवर झोपण्यासाठी केलेला आडोसा. लहान भूखंडांच्या खासगी घरांनाही दर्शनी चौकट, कुंपणाची उंची आणि फाटक ठरवून दिलेलं होतं. म्हणून मालक वेगळे असूनही रांग एकसंध दिसते. कुठे ती तुटली आहे, कुणी बाल्कनी काचेने बंद केली, कुणी दगडी पाट्या चिकटवल्या, हे शोधत चालणं हाच उत्तम अभ्यास. घरांचे फोटो काढताना मात्र विचारून काढा, आत माणसं राहतात.

या घरांमागे पिएर जानेरे आहे. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचा, फ्राय आणि ड्र्यू तीन वर्षांचा करार संपवून गेले. कॉर्बुझिएचा चुलतभाऊ जानेरे मात्र १९६५ पर्यंत इथेच राहिला आणि शहराची रोजची डोकेदुखी त्याने वाहिली. सोबत भारतीय चमू होता: एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, युली चौधरी, जीत मल्होत्रा आणि आपल्याकडचं आडनाव शोधणाऱ्यांसाठी ए. आर. प्रभावळकर. जानेरेचं राहतं घर, सेक्टर ५ मधला ५७ क्रमांक, आता संग्रहालय आहे. वगळू नका. तिथे विटा, नदीतले गोटे आणि लाकूड एकत्र कसे वापरले ते हात लावण्याइतक्या जवळून दिसतं.

विद्यापीठ (सेक्टर १४) दुसऱ्या दिवशी. तिथलं गांधी भवन जानेरेचं, पाण्याच्या कुंडात उभं. गाभा लहान आहे, बाहेरून चारही बाजूंनी फिरून बघण्याची इमारत.

पायी_नकाशा

संग्रहालयांचा प्रश्न राहिला. आधी वार: सोमवार टाळा. सेक्टर १० ची संग्रहालयं, १९-बी मधलं ल कॉर्बुझिए सेंटर आणि जानेरेचं घर, सगळी सोमवारी बंद.

क्रम माझ्या मते असा. सेक्टर १० मधलं आर्किटेक्चर म्युझियम पहिलं: कॉर्बुझिएच्या आधी नेमलेल्या अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोव्हिकी यांचा मूळ आराखडा तिथे बघता येतो. त्यात रस्ते पंख्यासारखे वळणदार होते. नोव्हिकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला आणि काम कॉर्बुझिएकडे आलं. त्याने १९५१ मध्ये रस्ते ताणून बरेचसे सरळ केले, पण बाजार, हिरवी पट्टी आणि स्वयंपूर्ण वस्ती या कल्पना मेयरच्या आराखड्यातही होत्या. हे बघितल्याशिवाय 'सगळं कॉर्बुझिएचं' हा गैरसमज जात नाही. १९-बी दुसरं, कारण ती वास्तुरचनाकारांची जुनी कचेरीच आहे आणि पत्रव्यवहार, फर्निचर तिथे ठेवलंय. सेक्टर १० मधलंच सरकारी कलासंग्रहालय (कॉर्बुझिएचं, १९६८) आतल्या चित्रांसाठी वेळ नसेल तर निदान छतातून येणारा प्रकाश बघायला दहा मिनिटं. वेळ कमी पडला तर हेच गाळा.

सेक्टर १० ते १६ मात्र नक्की पायी जा, रस्त्याने नको, लेझर व्हॅलीतून. हे मुळात पावसाळी ओढ्याचं पात्र. सपाट करण्याऐवजी ते शहरभर सलग बाग म्हणून राखलं, सुमारे आठ किलोमीटर. कागदावरच्या काटकोनी शहरातली ही एकच मोठी वाकडी रेघ.

सेक्टर १७ मध्ये काय चुकतं तेही सांगतो. लोक कारंजाजवळ उभे राहतात, चार मजली एकसारख्या इमारती बघतात, आणि पाच मिनिटांत निघतात. तिथे खांब मोजा. सगळ्या इमारती ५.२६ मीटरच्या चौकटीवर बसवल्या आहेत, मालक कोणीही असो, म्हणून खांबांची ओळ एका इमारतीतून दुसरीत अखंड जाते. खालच्या ओसरीतून पावसात न भिजता चालता येतं. चौक संध्याकाळी सहा-सातला भरतो, दुपारी ओसाड वाटतो, आणि ओसाड वाटण्यामागे आखणीचा दोषही आहे: फरसबंदी प्रचंड, सावली फक्त कडेला. आदित्य प्रकाशचं नीलम सिनेमागृह इथेच.

टीकाही सोबत ठेवा. आखणीत फेरीवाल्याला, शहर बांधणाऱ्या मजुराला जागा नव्हती. सेक्टर २२ ला रेहडी (हातगाडी) मार्केट बघाल तेव्हा ते 'अतिक्रमण' म्हणून नाही, आराखड्याने विसरलेल्या गरजेचं उत्तर म्हणून बघा. दुसऱ्या टोकाचा ताण म्हणजे मोठ्या घरांचे मजले वेगवेगळे विकणं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, एका घराचे असे तुकडे पाडायला मनाई केली.

वाटेत खालीही बघत चला. जुनी ओतीव लोखंडी गटाराची झाकणं अजून काही ठिकाणी आहेत, त्यांवर शहराचा नकाशा उठवलेला असतो. परदेशी लिलावांत ती विकली गेली आहेत, जानेरेने आखलेल्या खुर्च्यांसारखीच. उरलेली दिसली तर फोटोत रुंदी कळेल असं शेजारी एक पाऊल ठेवा.

शहरखुणा

शेवटची शंका: सायकल?

आराखडा

कॅपिटॉल सोडून सगळीकडे. व्ही-३ च्या कडेने सायकलींची वेगळी पट्टी आहे, पण चौकांत ती तुटते आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. त्यामुळे मोठे चक्री चौक उतरून, सायकल हातात धरून ओलांडा. सेक्टरच्या आत व्ही-५ वर निर्धास्त चालवा. हिरव्या पट्टीत मात्र सायकल नको, तिथे मुलं खेळत असतात आणि फाटकं अरुंद असतात. दुसरा दिवस, सेक्टर ५, मग १०, मग १४ असा सायकलवर व्यवस्थित बसतो. १९-बी पहिल्या दिवशी दुपारी कॅपिटॉलहून १७ कडे जाताना रिक्षा थांबवून उरकून घ्या, पाच वाजायच्या आत.